विभक्त पालकांचे सामायिक पालकत्व आणि प्राप्तिकर : ‘सांभाळणारा एक’ या गृहीताची चिकित्सा

दांपत्य विभक्त झाल्यानंतर मुलाविषयी जे प्रश्न उपस्थित होतात, त्यांपैकी ताबा, भेटीचे दिवस, शाळा आणि पोटगी यांची चर्चा न्यायालयात व समुपदेशकापुढे पुष्कळ विस्ताराने होते. कराचा प्रश्न मात्र सहसा तेथे निघत नाही. तडजोडपत्रावर सह्या झालेल्या असतात, हुकूमनामा हाती आलेला असतो, आणि त्यानंतर पहिले विवरणपत्र भरण्याच्या वेळी सनदी लेखापाल विचारतो की मुलाच्या नावावरील ठेवीचे व्याज कोणाच्या उत्पन्नात दाखवावयाचे. या एका प्रश्नाने मिटलेला तंटा पुन्हा जागा होऊ शकतो. पुष्कळदा रक्कम क्षुल्लक असते. परंतु उत्तर देण्यासाठी ‘मुलाला सांभाळते कोण?’ हे आधी ठरवावे लागते, आणि नेमक्या त्याच प्रश्नावर दोन-तीन वर्षे भांडण झालेले असते.

या अडचणीचे मूळ पक्षकारांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा कायद्याच्या रचनेत शोधणे अधिक योग्य ठरेल. कुटुंबविषयक कायदा हळूहळू दोन पालकांची कल्पना मान्य करू लागला आहे. प्राप्तिकराचा कायदा मात्र अद्याप एकाच पालकाची कल्पना धरून बसला आहे. या दोहोंमधील फट कोणत्याही कलमाने बुजविलेली नाही. ती पालकांनी आपसांतील कराराने बुजवावी, अन्यथा ती वादाने भरली जाते.

प्रथम कुटुंबविषयक कायद्याची स्थिती पाहू. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम हे दोन्ही मुलाच्या हिताला प्राधान्य देतात. तथापि दोहोंची मांडणी एकच पालक गृहीत धरून केलेली आहे. १९५६ च्या अधिनियमाच्या ६ व्या कलमात पित्यास नैसर्गिक पालक म्हटले असून ‘त्याच्यानंतर’ मातेस ते स्थान दिले आहे. या ‘नंतर’ शब्दाचा अर्थ केवळ ‘पित्याच्या मृत्यूनंतर’ असा घ्यावयाचा नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली गीता हरिहरन यांच्या प्रकरणात दिला. त्या प्रकरणाचा उगम आर्थिक व्यवहारातच झाला होता: अज्ञान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना मातेची पालक म्हणून सही चालेल की नाही, हा तो प्रश्न होता. पुढे २०१३ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने एका बारा वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात जानेवारी ते जून पित्याकडे व जुलै ते डिसेंबर मातेकडे असा संयुक्त ताबा ठरवून दिला. मे २०१५ मध्ये सादर झालेल्या २५७ व्या अहवालात विधी आयोगाने संयुक्त ताबा, पालकत्वाची लेखी योजना आणि मध्यस्थी यांची शिफारस केली. त्या शिफारशींना संसदेने अधिनियमाचे रूप दिलेले नाही. तरीसुद्धा कौटुंबिक न्यायालयांतील संमतीच्या अटींमधून सामायिक पालकत्वाची कल्पना व्यवहारात उतरलेली आहे.

आता प्राप्तिकराकडे वळू. १९९२ च्या वित्त अधिनियमाने १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमात ६४ व्या कलमाचे (१अ) हे पोटकलम घातले. त्यापूर्वी अज्ञान मुलाचे काही विशिष्ट उत्पन्नच पालकाच्या उत्पन्नात मिळविले जात असे. या तरतुदीनंतर जवळजवळ सर्वच उत्पन्न मिळविले जाऊ लागले. श्रीमंत मनुष्य आपले उत्पन्न मुलांच्या नावे वाटून कर वाचवितो, त्यास पायबंद घालावा, हा त्यामागील हेतू होता. विभक्त दांपत्याचा विचार त्यात केवळ स्पष्टीकरणापुरता आला. विवाह अस्तित्वात असेल तर ज्या पालकाचे उत्पन्न अधिक त्याच्या उत्पन्नात मुलाचे उत्पन्न मिळवावे; विवाह अस्तित्वात नसेल तर त्या वर्षी जो पालक मुलाचा निर्वाह करतो त्याच्या उत्पन्नात मिळवावे; आणि एकदा एका पालकाकडे मिळविल्यावर पुढील वर्षी, दुसऱ्या पालकास म्हणणे मांडण्याची संधी देऊन निर्धारण अधिकाऱ्याची खात्री पटल्याखेरीज, ते त्याच्याकडे नेऊ नये, असे त्या स्पष्टीकरणाचे सार आहे. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या अधिनियमाची जागा २०२५ च्या अधिनियमाने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, ‘मागील वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ आले; हा नियम मात्र आशयाने तसाच राहिला.

या तीन वाक्यांतील प्रत्येक वाक्य विभक्त पालकांच्या बाबतीत स्वतंत्र अडचण निर्माण करते.

पहिले वाक्य विवाहाच्या अस्तित्वाविषयी आहे. विभक्त राहणे आणि विवाह संपणे या दोन भिन्न गोष्टी होत. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाच्या १० व्या कलमाखाली न्यायिक फारकत मिळाली तरी विवाह अस्तित्वात राहतो. घटस्फोटाचा दावा पाच-सहा वर्षे चालला तर तेवढी सर्व वर्षे तो अस्तित्वातच असतो. या काळात मूल कोणाकडे आहे, खर्च कोण करतो, यांपैकी कशाचाही विचार करास कर्तव्य नाही. अधिक उत्पन्न कोणाचे, एवढेच पाहावयाचे. समजा, मुलीच्या मातामहाने नातीच्या नावे २० लाख रुपयांची मुदत ठेव ठेवली असून तीवर ७ टक्क्यांप्रमाणे वर्षाला १,४०,००० रुपये व्याज येते. मुलगी आईजवळ आहे. आईचे करपात्र उत्पन्न ६ लाख आणि वडिलांचे ३० लाख. दोघेही नव्या कररचनेखाली आहेत. २०२५-२६ च्या दरांनी हे व्याज वडिलांच्या उत्पन्नात मिळविल्यास त्यावर ३० टक्के कर व करावरील ४ टक्के उपकर मिळून ४३,६८० रुपये द्यावे लागतील. तेच व्याज आईच्या उत्पन्नात मिळविल्यास एकूण ७,४०,००० रुपये होतात. १२ लाखांपर्यंत पूर्ण करमाफी असल्याने कर शून्य. घटस्फोटाचा हुकूमनामा होईपर्यंत कायद्याचे उत्तर पहिले, आणि तो झाल्यानंतर, मुलीचा निर्वाह आई करते असे ठरल्यास, उत्तर दुसरे.

येथे वडिलांची स्थिती विलक्षण होते. जी ठेव त्यांनी ठेवलेली नाही, जिची पावती त्यांनी पाहिलेली नाही, जिच्यावर पालक म्हणून पत्नीची सही आहे, तिच्या व्याजावरील कर त्यांनी द्यावयाचा आहे. बँक करकपात करते तीही बहुधा पालक म्हणून नोंदलेल्या आईच्या कायम खाते क्रमांकावर. वडिलांना या उत्पन्नाची माहिती मिळण्याचा सरळ मार्ग म्हणजे पत्नीला विचारणे; आणि बोलणे बंद झालेले असते म्हणूनच तर दोघे न्यायालयात असतात. माहिती न मिळाल्याने उत्पन्न दडविल्याचा ठपका मात्र वडिलांवर येतो. उलट, आईने सद्‌भावाने ते व्याज आपल्या विवरणपत्रात दाखविले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते चुकीच्या ठिकाणी दाखविलेले ठरते.

गोमंतकात या स्थितीला आणखी एक पदर आहे. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली पतिपत्नींच्या सामाईक मालमत्तेची पद्धत ज्यांना लागू आहे, त्यांचे वेतनाखेरीज अन्य उत्पन्न उभयतांत समसमान विभागून प्रत्येकाकडे त्याचा अर्धा भाग धरला जातो. अधिक उत्पन्न कोणाचे, या प्रश्नाचे उत्तरच त्यामुळे बदलू शकते.

दुसरे वाक्य या विषयाचा गाभा आहे. विवाह संपल्यावर मुलाचा ‘निर्वाह करणारा’ पालक शोधावयाचा आहे. इंग्रजी अधिनियमात ‘मेंटेन्स’ हे एकवचनी क्रियापद आहे, आणि ज्याला ते लागते तो पालकही एकच कल्पिलेला आहे. मराठीत पोसणे आणि सांभाळणे हे दोन भिन्न व्यापार आहेत. पैसा पुरविणारा पोसतो. उठवून, न्हाऊ-जेवू घालून शाळेत पाठविणारा सांभाळतो. एकत्र कुटुंबात हा भेद कोणास जाणवत नाही. विभक्त कुटुंबात पोसणारा एक व सांभाळणारी दुसरी असे होते, आणि मग इंग्रजी शब्दाचा अर्थ कोणता घ्यावयाचा हा प्रश्न वास्तव बनतो. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम निर्वाहात अन्न, वस्त्र, निवास, शिक्षण व औषधोपचार या सर्वांचा समावेश करतो. पण ती व्याख्या त्या अधिनियमापुरती आहे. शिवाय त्याच अधिनियमाचे २० वे कलम मुलांच्या निर्वाहाचे दायित्व माता व पिता या दोघांवरही टाकते. म्हणजे निर्वाहाचा कायदा म्हणतो की दोघांनी सांभाळावे, आणि कराचा कायदा विचारतो की दोघांपैकी सांभाळणारा कोण.

कर्नाटकातील उपर्युक्त निर्णयाची योजना या नियमापुढे ठेवून पाहावी. मूल सहा महिने एकाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे. करवर्ष एप्रिल ते मार्च. त्यात पित्याकडील एप्रिल, मे, जून व पुन्हा जानेवारी ते मार्च, आणि मातेकडील जुलै ते डिसेंबर येतात. दिवस मोजले तर पित्याचे १८१ आणि मातेचे १८४. लीप वर्षात पित्याचे १८२. तीन दिवसांच्या अंतरावरून माता ही निर्वाहकर्ती ठरवावी काय? की शाळेचे शुल्क भरणारा तो निर्वाहकर्ता? की दोघांच्या खर्चाचा हिशोब मांडून ज्याचा आकडा मोठा तो? अधिनियम या तिन्ही प्रश्नांवर मौन धारण करतो. उत्पन्न दोघांत अर्धे अर्धे विभागावे असे म्हणण्यासही अधिनियमाच्या शब्दांत आधार नाही.

अशा वेळी वादाचे स्वरूप कसे होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ताब्याच्या दाव्यात प्रत्येक पक्ष म्हणतो की मुलाचे सर्व काही मीच करतो. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात मात्र प्रत्येकाचा कल, निर्वाह मी करीत नाही, असे दाखविण्याकडे असतो. कारण तेथे निर्वाह करणाऱ्याच्या पदरात लाभ न पडता भार पडतो. एकच मनुष्य एका कचेरीत हक्क सांगतो आणि दुसऱ्या कचेरीत तोच नाकारतो. पूर्वी हा विसंवाद लपून राहत असे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी जे निर्देश दिले, त्यांनुसार पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात उभय पक्षांनी उत्पन्न, मत्ता व दायित्वे यांचे शपथपत्र द्यावयाचे असते, आणि त्यात प्राप्तिकराची विवरणपत्रेही येतात. एका विवरणपत्रातील एक मोकळी सोडलेली ओळ त्यामुळे उलटतपासणीचे साधन होते. कराच्या चुकीपेक्षा तिच्यातून निघणारा ‘हा तर मुलाला सांभाळतच नाही’ हा निष्कर्ष पालकाला अधिक झोंबतो, आणि तंटा पुन्हा ताब्याच्या प्रश्नावर येऊन ठेपतो.

तिसऱ्या वाक्यातील स्थैर्याचा नियम या गोंधळात काही प्रमाणात उपकारक आहे. पहिल्या वर्षी ज्याच्याकडे उत्पन्न मिळविले, त्याच्याकडेच ते सामान्यतः राहते. परंतु त्यामुळे पहिल्या विवरणपत्राला नको तेवढे महत्त्व येते. घटस्फोटापूर्वी अधिक उत्पन्न असलेल्या पित्याकडे मिळविलेले उत्पन्न घटस्फोटानंतर मातेकडे न्यावयाचे झाल्यास, मातेला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. म्हणजे तडजोडीने संपलेल्या दांपत्याला कर अधिकाऱ्यापुढे नवी सुनावणी प्राप्त होते.

या अनुषंगाने अमेरिकेतील अनुभव अभ्यासण्यासारखा आहे, जरी तेथील परिस्थिती आपल्याहून उलट आहे. तेथे अवलंबित मूल हे पालकास करात सवलत मिळवून देते; त्यामुळे तेथील पालक मुलावर हक्क सांगण्यासाठी भांडतात, आणि आपल्याकडील पालक त्याचे उत्पन्न टाळण्यासाठी. १९८४ पूर्वी तेथे विभक्त पालकांपैकी सवलत कोणाला, हे ठरविताना मुलाच्या निर्वाहाच्या खर्चात कोणाचा वाटा किती हे सिद्ध करण्याचा प्रसंग वारंवार येई. पावत्या, धनादेश, दुकानदारांच्या साक्षी यांचा ढीग पडे. १९८४ च्या कर सुधारणेच्या वेळी काँग्रेसच्या समितीने असे नमूद केले की हे नियम व्यक्तिनिष्ठ आहेत, पुराव्याच्या अडचणी निर्माण करतात, आणि या वादांत सरकारचा महसूल फारसा पणाला लागलेला नसतानाही महसूल खात्याला त्यांत गुंतावे लागते. १९८५ पासून नियम बदलला. सवलत ताबा असणाऱ्या पालकाची. तिने वा त्याने लेखी त्याग केला तरच ती दुसऱ्याकडे जाते. या त्यागपत्रासाठी ८३३२ क्रमांकाचा नमुना आहे. ताबा कोणाचा हे पुढे रात्री मोजून ठरविण्यात आले: वर्षातील अधिक रात्री मूल ज्याच्याकडे राहिले तो ताबाधारी, आणि रात्री समान असतील तर ज्याचे उत्पन्न अधिक तो. ३६५ रात्री दोघांत समान वाटल्या जाऊ शकत नाहीत, ही गोष्ट त्या नियमाच्या कर्त्यांच्या सोयीचीच म्हणावी लागेल.

हा नियम न्याय्य आहे असे कोणी म्हणणार नाही. खर्चाचा मोठा भार उचलणारा पालक दोन रात्रींच्या फरकाने सवलतीस मुकतो. परंतु तो नियम निश्चित आहे, आणि निश्चितता हा त्याचा गुण तंट्याच्या दृष्टीने मोठा आहे. भारतातील ‘निर्वाह करणारा’ ही कसोटी स्वरूपाने अमेरिकेने १९८४ साली टाकून दिलेल्या कसोटीच्या जवळची आहे. आपल्याकडे तिच्यावरून अद्याप तेवढे वाद झाले नाहीत, याचे कारण कसोटी चांगली आहे हे नव्हे. मुलांच्या नावे मोठ्या ठेवी असणारी विभक्त कुटुंबे आजवर थोडी होती, हे त्याचे अधिक संभाव्य कारण होय. कॅनडाने तिसरा मार्ग घेतला. तेथे मुलासाठी मिळणारे शासकीय साहाय्य, दोन्ही पालकांकडे मूल ४० ते ६० टक्के काळ राहत असेल तर, दोघांना त्यांच्या त्यांच्या पात्रतेच्या निम्मे असे मिळते. येथे दोन पालकांची कल्पना करकायद्यात उतरली. मात्र वादाची रेषा ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर सरकली, एवढे मान्य करावे लागेल. रेषा कोठेही आखली तरी तिच्या काठावर उभे असणारे भांडतातच.

कायद्याच्या नियमाचा परिणाम न्यायालयाबाहेरही कसा होतो, याचे विवेचन रॉबर्ट मनूकिन व लुइस कॉर्नहाउझर यांनी १९७९ साली येल विद्यापीठाच्या विधिपत्रिकेत केले होते. घटस्फोट घेणारी बहुसंख्य दांपत्ये न्यायाधीशाच्या निर्णयाची वाट न पाहता आपसांत तोडगा काढतात. परंतु न्यायालय काय म्हणेल याची छाया त्या वाटाघाटीवर पडलेली असते, असा त्यांचा मुद्दा आहे. छायेसाठी वस्तूला आकार असावा लागतो. जो नियम स्वतःच अस्पष्ट आहे तो वाटाघाटीला आधार देऊ शकत नाही; उलट ज्याला जोखीम परवडते त्याच्या बाजूला तो झुकतो. आणि विभक्त पालकांत जोखीम परवडणारा सहसा अधिक मिळकतीचा असतो.

पोटगीच्या बाबतीत न्यायालयीन निर्णयांनी थोडी अधिक स्पष्टता आणलेली आहे. प्रतापगढच्या राजकन्या महेश्वरीदेवी यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९८३ साली असे ठरविले की दरमहा मिळणारी पोटगी हे करपात्र उत्पन्न होय आणि एकरकमी मिळालेली पोटगी ही भांडवली जमा असल्याने करपात्र नव्हे. देणाऱ्याला मात्र सामान्यतः कोणत्याही रूपात वजावट मिळत नाही. परिणामी मासिक पोटगीचा रुपया पतीच्या हाती एकदा आणि पत्नीच्या हाती पुन्हा करास पात्र होतो, आणि एकरकमी पोटगीकडे पक्षकारांचा ओढा वाढतो. यात मुलाचा वाटा कोठे, हे अनेक तडजोडपत्रांत लिहिलेलेच नसते. ‘पत्नी व मुलगी यांच्यासाठी दरमहा अमुक’ अशी एकत्र रक्कम लिहिली, तर संपूर्ण रक्कम पत्नीचे उत्पन्न मानली जाण्याचा धोका राहतो. पित्याने स्वतःच्या अपत्याच्या निर्वाहासाठी दिलेल्या पैशाला मातेचे उत्पन्न म्हणणे तर्काला धरून नाही; तथापि तो तर्क मांडण्यासाठी दोन रकमा कागदावर वेगळ्या असाव्या लागतात. नागपूरच्या ज्या प्रकरणाचा वर उल्लेख आला, त्यात कौटुंबिक न्यायालयाने पत्नीस १५,००० व मुलास ५,००० रुपये असे वेगळे आकडे दिले होते. तो कित्ता गिरविण्याजोगा आहे.

याहून अधिक फसवी अशी एक तडजोड आहे, आणि शहरांतून ती फार लोकप्रिय आहे. घर कोणाला, यावर एकमत होत नाही तेव्हा कोणी वडीलधारा सुचवितो की फ्लॅट मुलाच्या नावे करून टाका. दोघांपैकी कोणीच हरले नाही असे वाटते. पण कर व मालमत्ता यांच्या कायद्याने या तोडग्याचे काय होते? पुरेशा मोबदल्याशिवाय घर पत्नीच्या नावे केले तर सामान्यतः देणाराच त्याचा मानीव मालक ठरतो. मात्र विभक्त राहण्याच्या कराराच्या अनुषंगाने केलेले हस्तांतरण या नियमातून वगळले आहे. हा अपवाद केवळ पतिपत्नींपुरता आहे. अज्ञान मुलाच्या नावे केलेल्या हस्तांतरणाला तो लागू नाही. म्हणून पित्याने आपला फ्लॅट मुलाला दिला, आणि तो भाड्याने देऊन आई त्या भाड्यावर मुलाचे शिक्षण करू लागली, तरी मूल सज्ञान होईपर्यंत त्या भाड्यावरील कर पित्यालाच लागतो. याउलट पित्याने मुलाच्या नावे मुदत ठेव ठेवली, तर घटस्फोटानंतर तिच्या व्याजावरील कर निर्वाह करणाऱ्या मातेवर येतो. घर दिले तर देणाऱ्यावर कर, आणि ठेव दिली तर सांभाळणारीवर. दोन्ही ठिकाणी एकाच्या औदार्याचा वा दुसऱ्याच्या कष्टाचा दंड झाल्यासारखे वाटते आणि हेतूंविषयी संशय उत्पन्न होतो. शिवाय अज्ञान हिंदूची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून नैसर्गिक पालकाला विकता येत नाही, हे १९५६ च्या अधिनियमाचे ८ वे कलम आहेच. दोघांचे भांडण मिटविण्यासाठी दिलेले घर दोघांनाही दहा-बारा वर्षे हलविता येत नाही. मुलाच्या नावाचा आडोसा घेऊन केलेली ही तडजोड, प्रत्यक्षात निर्णय पुढे ढकलणे होय.

काही उत्पन्ने या जंजाळातून मुक्त आहेत. मुलाने स्वतःच्या अंगमेहनतीने वा कौशल्याने मिळविलेले धन पालकाच्या उत्पन्नात मिळविले जात नाही. मुंबईतील चित्रपट व मालिकांत काम करणाऱ्या बालकलाकारांच्या बाबतीत हे महत्त्वाचे आहे. मात्र त्या मानधनाची ठेव केल्यावर तिचे व्याज पुन्हा पालकाकडेच जाते. अधिनियमात वर्णिलेले अपंगत्व असलेल्या मुलाचे उत्पन्नही वगळले आहे. प्रत्येक मुलामागे १,५०० रुपयांची जी सूट १९९२ च्या अधिनियमाने दिली, तो आकडा पुढे वाढविला गेला नाही, आणि नव्या कररचनेत ती सूट मिळतही नाही. सुकन्या समृद्धी योजनेतील व्याज करमुक्त असल्याने तेथे हा प्रश्न येत नाही. परंतु एका मुलीच्या नावे एकच खाते उघडता येते, त्यामुळे ते कोणत्या पालकाने चालवावे हे तडजोडपत्रातच लिहिलेले बरे.

शाळेच्या शुल्काची गोष्ट निराळी. जुन्या कररचनेत शिक्षणशुल्काची वजावट प्रत्यक्ष शुल्क भरणाऱ्या पालकाला, १,५०,००० रुपयांच्या एकूण मर्यादेत मिळते, आणि दोघांनी वेगवेगळी रक्कम भरली असेल तर प्रत्येकाला आपापल्या रकमेपुरती मिळते. कर कायद्याने दोन पालक मान्य केल्याचे हे दुर्मिळ उदाहरण होय. कारण येथे कसोटी ‘सांभाळण्याची’ नसून पैसे भरण्याची आहे, आणि तिचा पुरावा शाळेच्या पावतीवर असतो. नव्या कररचनेत ही वजावट नाही. त्यामुळे एक पालक जुन्या व दुसरा नव्या रचनेत असेल, तर शुल्क जुन्या रचनेतील पालकाच्या खात्यातून भरले जावे आणि त्याचा मेळ इतर खर्चात घातला जावा, हे दोघांच्याही हिताचे आहे. असे साधे गणित मांडण्यासाठी जेवढा परस्परविश्वास लागतो, तेवढाही बहुधा उरलेला नसतो, हा खरा अडसर.

एलिनॉर मॅकोबी व मनूकिन यांनी कॅलिफोर्नियातील विभक्त कुटुंबांचा दीर्घकाळ अभ्यास करून १९९२ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पालकांचे परस्परसहकार्याचे, संघर्षाचे आणि अलिप्ततेचे असे प्रकार वर्णिले आहेत. अलिप्त पालक एकमेकांशी भांडत नाहीत आणि बोलतही नाहीत. प्रत्येक जण आपल्या दिवसांत आपल्या रीतीने मूल वाढवितो. तडजोडपत्रातील करविषयक कलमे लिहिताना अशा अलिप्त पालकांची कल्पना डोळ्यांसमोर ठेवावी. जे कलम पाळण्यासाठी दर महिन्याला संभाषण करावे लागते ते टिकत नाही. वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेस, ठरलेला कागद पाठवून जे पाळता येते ते टिकते.

१९८४ च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाने न्यायालयावर तडजोडीचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य टाकले आहे आणि समुपदेशकांची सोयही केली आहे. मध्यस्थीला २०२३ च्या अधिनियमाचा आधार मिळाला आहे. या यंत्रणेने मुलाच्या दिनक्रमाबरोबरच पुढील गोष्टींची नोंद करवून घेणे अवघड नाही: करासाठी मुलाचा निर्वाह कोणता पालक करतो असे उभयता मानतात, मुलाच्या नावावरील ठेवी, खाती व रोखे कोणते, त्यांच्या व्याजाचे दाखले एप्रिलअखेर दुसऱ्या पालकास कोण पाठवील, ज्याच्याकडे उत्पन्न मिळविले जाईल त्याला त्यामुळे पडणारा अधिक कर त्याच उत्पन्नातून भरून दिला जाईल की नाही, आणि आकड्यांवर मतभेद झाल्यास उभयतांनी आधीच नेमलेल्या एका सनदी लेखापालाचे म्हणणे मान्य केले जाईल. शेवटचे कलम विशेष महत्त्वाचे आहे. आकड्यांचा वाद समुपदेशकाकडे गेला की तो भावनांचा वाद होतो. लेखापालाकडे तो आकड्यांचाच राहण्याची शक्यता अधिक.

असा करार प्राप्तिकर अधिकाऱ्यावर बंधनकारक नसतो, हे विसरता कामा नये. निर्वाह वस्तुतः एक पालक करीत असेल आणि कर वाचविण्यासाठी दुसऱ्याचे नाव लिहिले असेल, तर अधिकारी ते बाजूला सारू शकतो. पण ताबा खरोखर समसमान असेल, आणि अधिनियमाचे शब्द दोन्हीकडे वळू शकत असतील, तेथे दोन्ही पालकांनी न्यायालयापुढे मान्य केलेले व दरवर्षी पाळलेले विधान हा प्रबळ पुरावा ठरतो. स्थैर्याचा नियमही मग त्याच्याच बाजूने काम करतो. अधिकाऱ्याने वेगळा निर्णय दिलाच, तरी वाढलेला कर कोणी सोसावा हे पालकांमध्ये आधीच ठरलेले असते. सरकारचा महसूल आणि पालकांचा परस्परव्यवहार या दोन गोष्टी अशा रीतीने अलग ठेवता येतात.

कायद्यात सुधारणा करावयाची झाल्यास ती फार मोठी असण्याची गरज नाही. संयुक्त ताब्याचा हुकूम असेल तेथे मुलाचे उत्पन्न उभयतांत निम्मे निम्मे धरावे, अथवा उभयतांनी संयुक्त घोषणापत्राने एकाचे नाव द्यावे, एवढ्या एका स्पष्टीकरणाने बहुतेक प्रश्न निकालात निघतील. उत्पन्न पतिपत्नींत विभागून धरण्याची पद्धत गोमंतकासारख्या काही प्रदेशांपुरती अधिनियमात आहेच. विवाह अस्तित्वात असूनही पालक न्यायालयाच्या हुकुमाने वा लेखी कराराने विभक्त राहत असतील, तर ‘अधिक उत्पन्नाचा पालक’ या कसोटीऐवजी निर्वाहाची कसोटी लावावी, ही दुसरी सुधारणा. पत्नीच्या नावे केलेल्या हस्तांतरणाच्या बाबतीत ‘विभक्त राहण्याचा करार’ ही कल्पना अधिनियमाने पूर्वीच मान्य केली आहे; ती मुलाच्या बाबतीत नाकारण्याचे कारण दिसत नाही. २०२५ चा अधिनियम रचताना भाषा सुलभ करण्यावर भर दिला गेला. ही दोन स्थळे त्या वेळी विचारात घेतली गेली नाहीत.

अठरावे वर्ष पूर्ण झाले की ही सर्व व्यवस्था संपते. त्या वर्षी वाढदिवसापर्यंतचे उत्पन्न पालकाकडे आणि त्यानंतरचे त्या तरुणाच्या स्वतःच्या विवरणपत्रात जाते. त्यासाठी मागील ठेवींच्या पावत्या, करकपातीचे दाखले आणि घराचा दस्तऐवज त्याच्या हाती द्यावा लागतो, आणि कोणत्या वर्षी कोणी काय दाखविले होते हे त्यांतून त्याला वाचता येते.